धुतलेल्या दगडांचा उन्हाळा

होळी होऊन चार दिवस झाले की आमच्याकडे हवेला राबाचा वास लागतो. शेतातल्या एका तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर ऐनाची सुकी टहाळं, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा, सगळ्यावर बारीक माती चाळायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं आग लावायची, म्हणजे ती भडकत नाही, नुसती धुमसत राहते. अशी भाजलेली जमीन पुढं भाताच्या रोपांना मानवते. धूर मात्र आधी माणसांना खावा लागतो. सून सारखी सांगते, आई, आत या, डोळे चुरचुरतील. मी येत नाही. माझ्या वयाच्या बाईला अधूनमधून रडायचं असतं आणि कारण सांगायचं नसतं. त्यासाठी राबाच्या धुरासारखी सोय नाही.

या वासाबरोबर मला हमखास आठवते ती माझ्या माहेरच्या टेकडीवरची खाण. खाण म्हटल्यावर बोगदे आणि कंदील डोळ्यांपुढं आणू नका. किन्हवलीपासून चालत तासाभरावर माझं माहेर, त्याच्या पाठीमागं टेकडी, आणि टेकडीच्या कुशीत कुणीतरी नखानं ओरबाडावं तसा एक खड्डा. लांबीला चार बैलगाड्या मावतील, खोलीला दोन पुरुष. आता त्यात बारा महिने हिरवं पाणी असतं आणि दुपारी म्हशी बसतात. गावात अजून तिला क्रोमची खाण म्हणतात. हल्लीच्या पोरांना वाटतं, क्रोम नावाचा कुणी साहेब होता, त्यानं ती खणली.

ती खाण फक्त एक हंगाम चालली. झोडणी उरकून खळी रिकामी झाली तेव्हा सुरू झाली आणि राब भाजून व्हायच्या आत संपली. तेवढ्या चार-साडेचार महिन्यांत मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं पद भूषवलं आणि सगळ्यात मोठं माणूस गमावलं.

तेव्हा भातसाच्या धरणाचं काम चालू होतं. जिकडंतिकडं सुरुंग, रस्ते, मापं घेणारी माणसं. जमीन उकरली की काहीतरी निघतंच, अशी सगळ्या तालुक्याची समजूत झाली होती. त्या कामावर तळकोकणातून आलेला एक मुकादम होता. तो पूर्वी तिकडं खऱ्याखुऱ्या क्रोमच्या खाणीत होता. वडिलांशी त्याची ओळख झाली. एकदा तो आमच्याकडं आला, टेकडीवर फिरून आला, खिशातून एक काळा जड दगड काढला आणि चहा पिऊन झाल्यावर बशी पालथी करून तिच्या बुडाच्या खरबरीत कडेवर त्यानं तो दगड घासला. तपकिरी रेघ उमटली. मुकादम बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिला. मग त्यानं दुसरी बशी मागितली.

क्रोमचा दगड दिसतो काळा, पण रेघ ओढतो तपकिरी, अशी त्याची खूण. तो माणूस लबाड नव्हता, हे मी आजही सांगेन. लबाड माणूस रेघ बघून इतका गप्प होत नाही. त्यानं कल्याणच्या एका शेटना आणलं, शेटनी टेकडीचा तो तुकडा घेतला, आणि काम सुरू झालं. आईच्या सहा बश्यांच्या संचातल्या दोन बश्या खाणीच्या कामी गेल्या. पुढं खाण बुडाली त्याचं तिला काही वाटलं नाही. बश्यांचं दुःख तिनं मरेपर्यंत केलं.

मी सतरा वर्षांची होते आणि सातवी पास होते. आमच्या गावात त्या काळी सातवी पास मुलगी म्हणजे जवळजवळ मामलेदार. मुकादमानं मला दगडांवर नंबर घालायच्या कामावर ठेवलं. निवडलेला दगड घ्यायचा, पांढऱ्या रंगात काडी बुडवून त्यावर आकडा काढायचा, खोक्यात ठेवायचा. एवढंच काम. पण माझा तोरा पाहायला हवा होता. मी अंबाड्यात पेन्सिल खोचून फिरायची. पेन्सिलीचं तिथं काही काम नव्हतं, काम रंगाच्या काडीचं होतं; पण काडी अंबाड्यात शोभत नाही. नदीवर बायका भांडी घासत बसलेल्या असत, त्यांना मी सांगत असे की क्रोम निघालं की भांड्यांना अशी चकाकी येईल की राख लावायला नको. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शास्त्रात जिथं जिथं फटी होत्या तिथं मी माझ्याकडचं बुजवत असे.

बुधी वरच्या ठाकूरवाडीची. माझ्याच वयाची असावी. तिच्या आईला वार आठवत होता, साल नव्हतं. ती, तिचा बाप आणि वाडीतली दहा-बारा माणसं खाणीवर होती. एरवी दिवाळीनंतर ही मंडळी वीटभट्टीवर जायची, घरदार पाठीवर घेऊन. त्या वर्षी पहिल्यांदाच ती घरी राहिली होती, सकाळी आपल्या दारातून उतरून कामावर येत होती आणि संध्याकाळी आपल्याच चुलीशी जात होती. हे लक्षात ठेवा, कारण खाणीचा अर्थ त्यांना एवढाच होता. चकाकी वगैरे सगळं माझं.

बुधी हातोडीनं मोठा दगड फोडायची आणि मी तिच्यासमोर बसून आकडे काढायची. ती दगड आधी कानाशी वाजवून बघे आणि सांगे, ह्यो फुटंल, ह्यो नाय. चुकायची नाही. ताजा फुटलेला काळा दगड नाकाशी धरला तर त्याला वास असतो, हे तिनं मला शिकवलं. पेटलेली काडी विझल्यावर येतो तसा. कधी दगडाच्या पोटात पोकळी निघे, तिला आतून शेवाळासारखं हिरवं अस्तर आणि त्यावर पांढऱ्या, सुईसारख्या बारीक स्फटिकांचा झुबका. बुधी त्याला दगडाची पिसं म्हणायची. एकदा तिनं तसा एक झुबका माझ्या पेन्सिलीशेजारी खोचला आणि म्हणाली, आता तू पुरी मास्तरीण झालीस.

पहाटे ती मोहाची फुलं वेचून यायची, त्यामुळं तिच्या हातांना सकाळी गोडसर, जड वास असायचा, दुपारी दगडाच्या धुळीचा. जेवायला नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. माझी भाकरी तांदळाची, पांढरी, म्हणून ती मला चिडवायची की तुझी भाकरी आजारी दिसते. मी तिला अक्षरं शिकवायचा घाट घातला होता. तिला आकडे आवडले, अक्षरं नाही. तीन आणि सहा तिला एकमेकांचे नवराबायको वाटायचे, सारखं तोंड फिरवून बसलेले. अजून मी तीन लिहिला की मला ते जोडपं दिसतं.

काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तिथं एक लाल मातीचा पट्टा होता, वीतभर जाडीचा, विटेसारखा लाल. आमचे दगड त्या पट्ट्याच्या आसपासचे, त्यामुळं सगळ्यांवर त्या मातीचा लेप. रंग त्यावर धरत नसे. आकडा काढावा तर तो फुटायचा, ओघळायचा. आणि माझं अक्षर तर गुरुजींनी वाखाणलेलं. पहिलं मोठं खोकं मुंबईला तपासणीला जायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, तिथले मोठे साहेब हे आकडे बघणार. मुकादम आदल्या दिवशी कल्याणला गेला होता. मी बुधीला ओढ्यावरून पाणी आणायला लावलं आणि खोक्यातले सगळे दगड काथ्यानं, राखेनं, भांडी घासावीत तसे घासून काढले. बुधी दोन हंडे आणून दमली आणि दगडावर बसून म्हणाली, लग्न ठरलंय का गो ह्यांचं? मी हसले नाही. मला काम होतं. काळेशार, स्वच्छ दगड, त्यावर माझे पांढरेशुभ्र आकडे. खिळे ठोकून खोकं आटगाव स्टेशनवर गेलं तेव्हा मला वाटलं, आपणच चाललोय मुंबईला.

महिन्याभरानं कागद आला. या दगडात काढण्याजोगं क्रोम नाही.

मुकादमाला पटेना. त्यानं सगळ्यांना खाणीवर गोळा केलं. खोक्यात न मावलेला एक धुतलेला दगड माझ्या बसायच्या जागी पडला होता, तो त्यानं बशीवर घासला. रेघ नाही, नुसता फिका राखाडी ओरखडा. मग खड्ड्यातून एक लाल माखलेला दगड आणून घासला. तपकिरी रेघ. त्यानं दोन्ही पुन्हा घासले, पुन्हा तेच. आणि त्या भल्या माणसानं तिथं उभ्या उभ्या निकाल लावला की दगडातलं क्रोम कुणीतरी धुऊन टाकलं. आज हे ऐकून तुम्ही हसाल. तेव्हा आम्ही पन्नास माणसं तिथं उभी होतो आणि एकालाही त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही. सातवी पास बाईला तर मुळीच नाही.

मुकादमानं विचारलं, दगड कोणी धुतले?

मी माझ्या पायांकडं बघितलं. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख तुटलं होतं. ते मला आजही चित्रासारखं दिसतं, इतकं मी त्याच्याकडं बघितलं. वडील माझ्यापासून चार हातांवर होते. बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. लोकांच्या नजरा फिरल्या त्या बुधीच्या हंड्यांवर, मग बुधीवर.

"मी धुतलं," बुधी म्हणाली.

कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. मुकादम एवढंच म्हणाला की बाय, तुझ्यापायी एवढ्या माणसांचं काम गेलं. पण वाडीनं ते वाक्य उचललं आणि खाली ठेवलं नाही. घरी राहायचं सुख तिच्या हातानं गेलं, असं तिच्या बापाला रोज ऐकावं लागलं. राबाचे दिवस होते, सगळी टेकडी धुरानं भरली होती. त्यातच एका सकाळी तो बायकापोरांना घेऊन मुरबाडकडं मेव्हण्याच्या गावी निघून गेला. मला दुपारी कळलं. मी पळत वर गेले तर त्यांच्या घराचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं, आणि अंगणात मोह वाळत घातलेले, कुणी न उचललेले. त्या वर्षी धुरानं माझे डोळे फार चुरचुरले, असं आई सगळ्यांना सांगत होती.

पुढं मी किन्हवलीला दिली गेले. मुलं झाली, सासू गेली, मी सासू झाले. बुधी कुठं असते हे मला नेहमी ठाऊक होतं. करवंदं विकायला येणाऱ्या बायकांकडून मी तिची खबर काढत असे, अगदी सहज विचारल्यासारखं. मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीत दिली, तीन मुलगे, नवरा वारला, नातवंडं. एसटीनं गेलं तर दीड तास. मी पन्नास वर्षांत गेले नाही. एकदा मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत ती मला दिसली. मी काय केलं? घोंगड्यांच्या दुकानात शिरले आणि टांगलेल्या घोंगडीमागं उभी राहिले, भलीमोठी सहा मुलांची आई. घोंगडीखालून मला तिची पावलं दिसत होती. ती पावलं बराच वेळ तिथं थांबली, मग गेली. दुकानदारानं विचारलं, बाई, घोंगडी घेता का? मी घेतली. तोंड लपवल्याचं भाडं म्हणून. अजून अंगावर घेते, टोचते.

मी स्वतःची समजूत कशी घालत होते तेही सांगते. मी म्हणायची, जायचं कोणत्या तोंडानं? मी खाण बुडवली, वाडी देशोधडीला लावली, एवढं मोठं पाप, ते असं एसटीत बसून, तिकीट काढून कसं सांगायचं? पाप जितकं मोठं करावं तितकं ते सांगायला अवघड, आणि न सांगायला सोपं. माझ्या हातून एक अख्खी खाण बुडाली, यात मला थोडा मोठेपणाही वाटत असावा. मेली सातवी पास.

यंदा माघात माझी नात ऋचा तिच्या कॉलेजच्या बाईंना आणि दहा-पंधरा मुलामुलींना घेऊन आली. ती भूगर्भाचं शिकते. रोज आटगावहून फास्ट लोकल पकडते आणि येताना पिशवीतून दगड आणते, मी तिला म्हणते, आपल्याकडं कमी होते का? त्यांना ती खाण बघायची होती आणि तिची माहिती असलेलं माणूस आमच्या भागात मी एकटीच उरले आहे. मुलांनी मला अक्षरशः उचलून टेकडीवर नेलं.

बाई तरुण होत्या, पायात बूट, हातात हातोडी. त्यांनी पाण्यावरच्या कड्यातला थर दाखवून मुलांना सांगितलं की सगळा सह्याद्री असा थरांचा आहे. जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला, त्याचा हा काळा दगड. मग हजारो वर्षं त्यावर काही आलं नाही. ऊन-पाण्यानं वरचा दगड झिजून त्याची माती झाली. मग पुन्हा रस आला आणि त्या मातीवर पसरला. खालची माती भाजली गेली, लाल झाली. तोच हा लाल पट्टा.

मी म्हटलं, "म्हणजे राब."

बाई माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, आजी, हे मी पुढच्या वर्षी वर्गात वापरणार. आणि त्यांनी खिशातून एक पांढरी खरबरीत फरशी काढली, तळहाताएवढी. त्यांनी लाल माखलेला दगड घासला: तपकिरी. तोच दगड बाटलीतल्या पाण्यानं धुतला, पुसला, पुन्हा घासला: फिका राखाडी ओरखडा. लाल मातीची रेघ, दगडाची नाही. क्रोम असतं ते वेगळ्या जातीच्या खडकात, फार खोलातून वर आलेल्या. तळकोकणात आहे, तिकडं विदर्भात आहे. या टेकडीत खणण्याजोगं कधीच नव्हतं, असणं शक्यच नव्हतं.

मी त्यांना विचारलं, कुणी दगड धुतले म्हणून क्रोम जातं का? त्या हसल्या. म्हणाल्या, नमुना आधी स्वच्छ धुवायचा, हे आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो; ज्यानं कुणी धुतले त्यानं बरोबर केलं. ऋचा ओरडली, आमच्या आजीनंच धुतले होते, ती नेहमी सांगते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हो, मी घरात ती गोष्ट सांगत असे, विनोदी करून. फक्त शेवटचा भाग गाळून.

त्या संध्याकाळी मी फार खुशीत होते. पन्नास वर्षांचं ओझं उतरलं म्हणून खीर करायला लावली. वाटी पुढं आली आणि मी ती ऋचाकडं सरकवली. खाण मी बुडवली नव्हती, वाडीचं काम माझ्यामुळं गेलं नव्हतं, टेकडीनं मला साफ मोकळं सोडलं होतं. आता माझ्याकडं लपायला काही नव्हतं. उरलं होतं ते फक्त तुटकं नख आणि त्याच्याकडं बघत गप्प उभी असलेली एक मुलगी. एवढंसंच होतं, एसटीत बसून नेता आलं असतं. कधीही.

तरी होळी होईपर्यंत मी दिवस ढकललेच. मग राबाचा वास आला आणि मी उठले.

बुधीची वाडी रस्त्याला लागूनच आहे. घरामागच्या वावरात ती सुनेबरोबर राबावर पातेरा पसरत होती. कंबरेत वाकली आहे, दात गेले आहेत, पण पातेऱ्याची पाटी उपडी करताना मनगट तसंच फिरतं. मला बघून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"यमे," ती म्हणाली. "जाड झालीस गो."

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. लाल थर, फरशी, बाईंचं बोलणं, सगळं आधी सांगून मग मुद्द्यावर यायचं, असं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एकच.

"बुधे, दगड मी धुतले होते."

"मग? पाणी मीच तर आनला व्हता," ती म्हणाली आणि पातेरा सारखा करत राहिली.

"मुकादमानं विचारलं तेव्हा मी गप्प राहिले."

"मला ठाव नाय काय? तितंच उभी व्हते."

"मग तू आपल्या अंगावर का घेतलंस?"

ती थांबली. पाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. तिच्या आवाजात राग नव्हता. यंदा मोह कमी आला, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"तुजा नाव निगाला असता तर तुज्या बापानं तुला पुना वर येऊ दिली असती? घरात बसवली असती. आमचा काय, आमी भट्टीला नायतर कुठं जायचेच. मी म्हनला, ही सुटली म्हंजी येत राहील." मग म्हणाली, "आनि तूच आली नायस."

माझ्याकडं इतक्या वर्षांत साठवलेली पुष्कळ उत्तरं होती. ती सगळी दुसऱ्या प्रश्नांची निघाली. मी तिथंच बांधावर बसले. तीही बसली, हातभर अंतरावर, आणि आम्ही दोघी समोरच्या न पेटवलेल्या राबाकडं बघत राहिलो. डोळ्यांत जायला धूरसुद्धा नव्हता.

"यष्टी कवाची हाय तुजी?" तिनं विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

त्या वाडीवरून किन्हवलीकडं येणारी एसटी दिवसात एकच, चारची, आणि आमच्या सावल्या अजून पायाशीच होत्या. बुधीनं सावल्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सुनेला हाक मारून सांगितलं की भाताला एक मूठ जास्त टाक, रात्रीचाबी धरून.